मखमलची ताटली

माझ्या आईला कापड डोळ्यांनी बघावं लागत नाही. ओतूरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. मम्मी गादीवर बसून दोन बोटांत कापड चोळते नि सांगते, यात भेसळ आहे, हे पहिल्याच धुण्यात आटेल. लाइट गेली तरी तिचं काही अडत नाही. माझा धाकटा भाऊ जिनेश एके दिवशी शर्टाच्या आत पिल्लू लपवून घरी आला, तेव्हा ती ओरडायला म्हणून पुढे झाली आणि तिचा हात त्या काळ्या पाठीवर पडला. ओरडायचं राहूनच गेलं. "मखमल आहे रे ही," ती म्हणाली. तेच नाव पडलं.

पिल्लू होतं धनगराच्या वाड्यावरचं, मेंढ्या राखणाऱ्या कुत्रीचं. त्याला आम्ही जैन करून टाकलं. आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि सूर्य मावळला की स्वयंपाकघर बंद होतं. मग पाणीसुद्धा नाही. मखमललाही तोच नियम. तूप लावलेली चपाती, दूध, वरणभात, तेही दिवस असेपर्यंत. दुकानात येईल त्याला पप्पा त्याची पाठ दाखवायचे. "ही चमक बघा. सात्त्विक अन्नाची आहे." एखादं वात्रट गिऱ्हाईक विचारायचं, शेठ, पर्युषणात उपास धरतो का हा? पप्पा अगदी गंभीरपणे सांगायचे, एकासणं करतो, दिवसातून एकदाच जेवतो.

संध्याकाळचं जेवण उरकलं की जिनेश त्याला फिरायला न्यायचा नि दिवेलागणीला परत आणायचा. कित्येक वर्षं हे चालू होतं आणि कोणी त्याचा विचारही केला नव्हता.

मग मम्मीला वास लागला. रोज परतल्यावर जिनेशच्या हातांना कपडे धुण्याच्या स्वस्तातल्या साबणाचा वास यायचा. बाहेरून हात धुऊन येणारा मुलगा काय लपवत असतो? मम्मीने मनात आधी एक मुलगी उभी केली, मग सिगारेट, मग त्याहून वाईट काहीतरी. गेल्या पौषात एका संध्याकाळी तिने विचारलंच. तो म्हणाला, काही नाही गं. तिने कुत्रा अंगणातल्या खांबाला बांधला आणि म्हणाली, "कुठे जातोस ते सांगितल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस." तो मोटरसायकल काढून एकटाच गेला. परत येताना हायवेवर ट्रकने उडवलं. त्याचा चेहरा आम्हाला बघू दिला नाही.

हे तिने मला एकदाच सांगितलं, तिसऱ्या दिवशी, मी तिच्या शेजारी पडले असताना. पुन्हा कधी बोलली नाही. पण त्यानंतर त्या घरात दुसरं काही उरलंच नव्हतं. तो कुठे जात होता, हे तिला कळायला हवं होतं. सांगणारा तर गेला होता.

आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. साध्वीजींनी जैन स्थानकात तिला समजावलं की जीव देह सोडतो आणि क्षणात पुढच्या जन्माला जातो, मागे रेंगाळत नाही. मम्मीने हात जोडून सगळं ऐकून घेतलं. घरी आली आणि तिने अंगणाचं मागचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली.

मला जुन्नरला दिलंय. यंदा दिवाळीनंतर पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दोन महिने माहेरी राहायला आले. मोहितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं की जेवणाचं तुझं तू बघ. अंगणात गेले तर खांबाला एक म्हातारं कुत्रं बांधलेलं. मखमल आहे हे कळायलाच मला वेळ लागला. डोळ्यांभोवतीचे केस गळून कातडी उघडी पडली होती. तोंडाच्या कडेला पापुद्रे, कोपरांवर खपल्या, पंज्यांना भेगा. काळा रंग विटून तांबूस झाला होता आणि पाठीवर हात ठेवला तर गोणपाट. मम्मीने त्याला जिनेश गेल्यापासून सोडलंच नव्हतं. तिला हायवेची भीती होती, उसातल्या बिबट्याचीही होती.

"याला झालंय काय?" मी विचारलं.

"झुरतोय. खाणं तेच आहे, तूप तेच आहे. जिनेशचा हात तेवढा नाही."

संध्याकाळी मी ते पाहिलं. ऊन भिंतीवरून उतरलं तसा तो उठला, साखळी ताणून मागच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. मान वर, माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तशी. दारात कोणी नव्हतं. त्याची शेपूट हळूहळू हलायला लागली. मम्मी ओट्याशी उभी राहून आधी त्याच्याकडे, मग तो बघत होता त्या जागेकडे बघत राहिली. माझ्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याचाच मला राग आला. मी जाऊन दार धाडकन लावलं. मम्मीने ते पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना रिक्षात घातलं, मम्मीला नि कुत्र्याला, आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर अश्विनी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकातून पाहिली. "खरूज नाही. खातो काय हा?"

मम्मीने सांगितलं.

"नुसतं एवढंच? लहानपणापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आधी चमक होती?"

"मी कापडवाली आहे, डॉक्टर. मखमल होती."

"मग नुसत्या यावर नव्हती ती," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी त्याचा पंजा हातात धरला होता. "केस म्हणजे सगळं प्रथिन. रोज नवे केस, रोज नवी कातडी घडायची तर माल लागतो. जस्त लागतं. गव्हात ते असतं, पण गहूच ते अडवून धरतो, अंगी लागू देत नाही. आणि शरीर आधी मेंदू सांभाळतं, हृदय सांभाळतं. कातडीला उरलंसुरलं. म्हणून उपासमार आधी कातडीवर दिसते. याला तुमच्या खाण्याशिवाय आणखी काहीतरी मिळत होतं, काकू. वर्षभरापूर्वी ते बंद झालंय."

"वर्षभरापूर्वी माझा मुलगा गेला," मम्मी म्हणाली.

डॉक्टरांनी पंजा हळूच खाली ठेवला. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि अंडी सांगितली. मम्मीने मान हलवली. अंडी नाहीत. बरं, मग पनीर, शिजवलेलं सोयाबीन, आणि जस्ताच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. वेळ लागेल, पण होईल. फार मात्र थांबू नका, अंगात काही राहिलेलं नाही त्याच्या.

परतताना रिक्षात मम्मीने माझं मनगट धरलं. "ऐकलंस ना? डॉक्टरही तेच म्हणाली. जिनेशकडून त्याला काहीतरी मिळत होतं." तिचा चेहरा उजळला होता. मीही तेच ऐकलं होतं, पण मला जिनेशच्या हातांचा तो साबण आठवत होता.

गोळी त्याने ओकून टाकली. दुसऱ्या दिवशीही ओकली. सोयाबीनला नाक लावून तोंड फिरवलं. पनीर दोन दिवस खाल्लं, मग तेही सोडलं, आणि शेवटी चपातीही. मम्मी त्याच्यासमोर तुपाचा हात घेऊन बसायची. "हा गेला की माझ्याकडे त्याचं काय उरतं गं?" ती म्हणाली, आणि जिनेश गेल्यावरही रडली नव्हती तशी रडली. त्या संध्याकाळी ती आत पप्पांना वाढत असताना मी साखळी सोडली.

मला वाटलं होतं, हे कुत्रं दारापर्यंतही जाणार नाही. ते पळालं. लंगडत, पण पळालं. पेठेतून, एसटी स्टँडच्या मागून, मांडवीच्या पुलावरून. मी चपला हातात घेऊन मागे. पलीकडे उसाची कड लागली आणि मला बिबट्या आठवला. मी मोबाइलवर मोठ्याने णमोकार मंत्र लावला, बिबट्यासाठी आणि दुसऱ्या कोणासाठीही. मखमलने एकदाही वळून पाहिलं नाही. तो कोणाच्या तरी बरोबर चालावं तसा चालत होता, रस्त्याच्या एका बाजूने, शेजारची जागा सोडून.

उसापलीकडे मेंढ्यांचा वाडा होता आणि पत्र्याचं घर. दारात एक म्हातारी बाई शेंगा निवडत बसली होती. तिने कुत्र्याला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"आलास व्हय रं?" ती म्हणाली. मग तिने रस्त्याकडे पाहिलं, माझ्या मागे, आणखी कोणी येतंय का म्हणून. मला पाहून तिने पदर तोंडाला लावला. "तू बहीण ना त्येची? नाक तेच हाय."

ती साळुबाई. तिचा मुलगा गोरख जिनेशच्या वर्गात होता, पिल्लू त्यानेच दिलेलं. मखमल सरळ भिंतीकडे गेला होता. तिथे एक अॅल्युमिनियमची ताटली पालथी ठेवली होती. त्याने ती नाकाने सुलटी केली आणि रिकाम्या ताटलीसमोर बसला.

साळुबाईंनी चुलीवर अंडी ठेवली आणि उकळेपर्यंत सगळं सांगितलं. जिनेश गेल्यावर हे आमच्या दारात येऊन सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता. पिल्लू आमच्याकडे गेल्यावर दोन-तीन महिन्यांतच त्याचे केस जायला लागले होते. जिनेश घाबरून गोरखकडे घेऊन आला. "माजा गोरख म्हणला, येड्या, कुत्र्याची जात हाय, त्येला दूदभातावर ठिवलंस तर कातडं उतरंलच की. मंग रोज यायचा. दोन अंडी उकडायची, त्यो आपल्या हातानं सोलून घालायचा. बोकड पडलं तर काळजाचा तुकडा आमी घालायचो, तवा त्यो पाठ करून बसायचा. बघायचा न्हाई. समदं झालं की हापशावर कुत्र्याचं त्वांड धुवायचा, आन् मंग आपलं हात. माजा कापडाचा साबण लई झिजवला पोरानं."

"आणि तो? तो खायचा?" हे मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

साळुबाईंना राग आला. "अगं, दिस बुडाल्यावर आमच्यात च्या सुदीक घेतला न्हाई त्येनं कधी. म्हणायचा, मावशी, पाप लागलं तर मला लागू दे. त्याच्या कातडीनं का भोगायचं?"

मी तिथेच मातीत बसले. मखमल खात होता. खाऊन झाल्यावर तो हापशाजवळ गेला, तिथल्या दगडासमोर बसला आणि तोंड वर करून थांबला, तोंड धुऊन घ्यायला. दगडावर कोणी नव्हतं. त्याने पुढचे दोन पाय उचलून दगडाच्या वर, रिकाम्या हवेत ठेवल्यासारखे केले. क्षणभर ते तसेच राहिले, कोणाच्या मांडीवर असावेत तसे. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो खाली बसला होता. मग मी जाऊन त्याचं तोंड धुतलं.

घरी मी मम्मीला सांगितलं की फिरवून आणलं. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. तिला खरं काय सांगणार होते? जीवजंतूंना जपायचं म्हणून जिने जन्मभर पाणीही गाळून प्यायलं, तिला सांगू, तुझ्या पोराचं गुपित हे होतं? मला वाटलं, आधी कुत्रं जगू दे.

दुसऱ्या दिवशी मखमलने चपातीला तोंड लावलं, म्हणून मम्मीने अडवलं नाही, आणि मी रोज जायला लागले. हात धुतल्यावर घरी येऊन पुन्हा आमच्या चंदनाच्या साबणाने धुवायचे, जिनेशसारखी चूक करायची नव्हती मला. हळूहळू खपल्या वाळून पडल्या. डोळ्यांभोवती बारीक काळी लव आली. कोपरं भरली. महिना उलटला आणि एका दुपारी मम्मी त्याच्या पाठीवर हात ठेवून तशीच थांबली. दोन बोटांत तिने ते केस चोळले.

"रिद्धी," ती म्हणाली, "तो आलाय."

"कोण?"

"जिनेश. रोज येतो. तू याला फिरायला नेतेस ना, तेव्हा भेटतो याला. बघ ना हात लावून. हा त्याचाच हात आहे."

त्या दिवसापासून ती सूर्य मावळायच्या आत एक पेला उकळलेलं, गार केलेलं पाणी मागच्या दारापाशी ठेवू लागली. जेवणाचं एक ताट जास्त वाढू लागली. मी परतले की ती मखमलसमोर खाली बसून कुजबुजत विचारायची, काय म्हणाला रे? रागावलाय का अजून? पप्पा खाटेवरून माझ्याकडे बघायचे आणि मी दुसरीकडे. कुत्र्याची कातडी भरत होती आणि आई दिवसेंदिवस विरळ होत चालली होती. तिचं ते भूत मी घातलेल्या अंड्यांवर पोसलं जात होतं. मला भीती वाटायला लागली, आणि सर्वांत जास्त भीती याची की हापशापाशी मलाही आता जागा सोडून उभं राहायची सवय लागली होती.

माझी जुन्नरला जायची वेळ आली. मी गेल्यावर मखमलला कोण नेणार? आणि नाही नेलं तर पुन्हा तेच गोणपाट, आणि या वेळी मम्मी समजणार की जिनेशने येणं बंद केलं. जायच्या आदल्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी साखळी तिच्या हातात दिली.

"आज तू चल. तो कुठे जायचा ते तुला दाखवते."

 तिने पायात चपला घातल्या, डोक्यावर पदर घेतला. वाटेत फक्त एकदा विचारलं, "मुलगी आहे का?" मी नाही म्हटलं.

साळुबाईंनी आम्हाला येताना पाहिलं आणि गडबडून ताटलीवर पदर टाकला. अंडी सोललेली होती. मम्मीने पदराकडे पाहिलं, भिंतीपाशी टाकलेल्या टरफलांकडे पाहिलं. मखमल नाकाने पदर ढकलत होता. मी सांगायला तोंड उघडलं, पण साळुबाईच पुढे आल्या आणि मला जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तिला सांगितलं, उभ्यानेच. मग मला न सांगितलेलं एक सांगितलं.

"त्या दिशी त्यो एकलाच आला व्हता, बाई. कुत्रं न्हाई, काय न्हाई. म्हणला, मावशी, आजची ऱ्हाऊ द्या. मम्मीला आता घरी जाऊन समदं सांगतो. मारलं तर मारू दे. म्हणला, सांगून टाकलं की उद्यापास्नं ताठ मानेनं घिऊन यीन. आन् लगीच माघारी फिरला. तुमच्याकडंच निघाला व्हता."

मम्मी हापशाशेजारच्या दगडावर बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं तो कोणाचा दगड आहे.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळेना. "एवढ्यासाठी? अरे, दोन अंडी?"

 मेंढ्या वाड्यात हलत होत्या. मखमलने ताटली चाटून साफ केली, मम्मीसमोर येऊन बसला आणि तोंड वर केलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता की तिच्या मागे, थोडं वर, हे मला सांगता येणार नाही. मम्मीने मागे वळून पाहिलं नाही.

"सांगितलं असतंस तर मी ओरडलेच असते," ती म्हणाली. "तीन-चार दिवस बोलले नसते. मग बोलले असते रे." आणि तिला रडू फुटलं, तोंडावर दोन्ही हात घेऊन, सगळ्यांच्या देखत.

रडणं ओसरल्यावर तिने साळुबाईंकडे हात पुढे केला. "अंडी तुम्ही सोला. ते माझ्याने होणार नाही. रोज आणीन त्याला मी. साबण द्या."

मी हापसा मारला. तिने मखमलचं तोंड धुतलं, मिशांखाली, दातांच्या कडेने, सावकाश, जिनेश करत असेल तसं. मग आपले हात धुतले. तोवर सूर्य डोंगराआड गेला होता, म्हणून साळुबाईंनी दिलेल्या पाण्याला तिने हात जोडले. साळुबाई म्हणाल्या, "त्यो बी असंच करायचा."

घरी आल्यावर तिने चंदनाच्या साबणाला हात लावला नाही. ती अंगणात गेली, दारापाशी ठेवलेला पेला उचलला, पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. मग तिने मागचं दार लोटलं आणि कडी लावली. मखमल तिच्या पायाशी बसला. ती खांबाला टेकून खाली बसली, आपले दोन्ही तळवे नाकाशी धरले आणि खोल श्वास घेतला.

"हाच वास," ती म्हणाली. "हाच होता."

बराच वेळ तिने हात खाली घेतले नाहीत.